शैलजा खराडेचे दोन फोटो

“एवढं काढायचं,” विलास खराडे म्हणाला आणि स्क्रीनवरच्या बहिणीच्या गालावर त्यानं बोट टेकवलं. “बाकी फोटो झकास आलाय. हे तेवढं दिसता कामा नये.”

बहीण त्याच्या मागे दाराला लागून उभी होती. मी एकदा वळून पाहिलं. तिच्या डाव्या कानापासून हनुवटीच्या जरा वरपर्यंत पांढरा चट्टा उतरला होता. कोडाचा. कडा स्पष्ट होत्या. स्टुडिओवाल्यानं तिला मान वळवून बसवलं होतं, तरी अर्धा चट्टा फोटोत आलाच होता.

“निघेल ना?”

“निघेल,” मी म्हणालो.

“रंग फासल्यासारखं नको वाटायला. पुण्याचं स्थळ आहे. माणूस बिजवर आहे, पण कंपनीत पर्मनंट आहे. त्यांनी आधी फोटो मागवलाय. तो पसंत पडला तरच बघायला येणार.”

“आणि बघायला आल्यावर?”

विलासचं गावात खताचं दुकान होतं, माणसांशी बोलायची सवय होती.

“एकदा माणसं घरात आली, बसली, बोलली की निम्मं काम होतं ओ,” तो म्हणाला. “आता दारातच कुणी येत नाही. बत्तिसावं चालू आहे तिला.” एवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत गॅलरीत गेला.

खोलीत ती आणि मी. बसा म्हणायला दुसरी खुर्ची नव्हती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “हे काढल्यावर तिथं काय भरता?”

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “शेजारची कातडी,” मी म्हणालो.

“कुणाची?”

“तुमचीच. उजव्या गालाची घेणार.”

तिनं नकळत उजव्या गालाला हात लावला. “म्हणजे माझीच आहे,” ती म्हणाली. “मग ठीक आहे.”

ही दोन हजार दहा सालातली गोष्ट. मी एकेचाळीस वर्षांचा होतो. सांगलीच्या एका कलर लॅबमध्ये सोळा वर्षं काम केलं होतं. फिल्मचे दिवस संपले तशी ती लॅब बंद झाली. तासगावात आईच्या नावावर वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. आई आदल्या वर्षी गेली होती. मी तिथं परत आलो आणि एक कॉम्प्युटर मांडून घरातच फोटो सुधारून द्यायचं काम सुरू केलं. विटा, पलूस, कवठेमहांकाळचे फोटोग्राफर लग्नांचे फोटो सीडीवर भरून कुरिअरनं पाठवायचे. सोबत चिठ्ठी असायची. नवरीला उजळ करा. सासऱ्यांचे डोळे मिटलेत, उघडा. मागचा आचारी काढा.

स्क्रीनवरचे रंग खरे दिसावेत म्हणून मी खिडकीला काळा कागद चिकटवला होता. त्यामुळे घरात दिवस कधी उगवला आणि कुठवर आला ते कळायचं नाही. कुरिअरवाला खालून हाक मारायचा आणि मी दोरीला बांधून पिशवी खाली सोडायचो. त्याला जिना चढायचा कंटाळा, मला उतरायचा. कधी कधी चार चार दिवस मी एक शब्द बोललेला नसायचो आणि मग फोन आला की आवाज घोगरा निघायचा. समोरचा विचारायचा, झोपला होता का.

माणसं मात्र मला खूप माहीत होती. एका नवरीचा चेहरा तीन तीन दिवस स्क्रीनभर मोठा करून बघितल्यावर तिची भुवई कुठं तुटते, हसताना कुठला दात आधी दिसतो, सगळं पाठ होतं. एकदा भाजी आणायला गेलो तर समोर एक बाई वांगी निवडत होती. तिच्या ओठाजवळचा तीळ चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे मीच काढला होता. तीळ अर्थात तिथंच होता. ओळखीचं माणूस भेटल्याच्या आनंदात मी हसलो आणि “बरं आहे ना?” असं म्हणून गेलो. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि नवऱ्याला हाक मारली. मी भाजी न घेताच घरी आलो. त्यानंतर मी बाजारात मान खाली घालून चालायला लागलो.

तर शैलजा खराडेचा फोटो. खरं तर ते अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी विलासला आठ दिवस लागतील म्हणून सांगितलं. का सांगितलं ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. ती एकटीच होती. निळ्या काठाची अंगणवाडीची साडी, हातात रजिस्टर.

“मीटिंगला तासगावात आले होते,” ती म्हणाली. “झालं असेल तर बघून जाते.”

“अर्धं झालंय.”

“अर्धं बघते.”

ती आत आली आणि खिडकीकडे बघून थबकली. “भर दुपारी एवढा अंधार?”

मी कागदाचं कारण सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग सगळ्या लोकांचा रंग तुम्ही अंधारात बसून ठरवता?”

मला हसू आलं. त्या खोलीत मी कधी हसलो असेन असं आठवत नव्हतं. मी तिला माझी खुर्ची दिली आणि स्वतः गादीच्या वळकटीवर बसलो. चट्ट्याचा वरचा भाग मी भरला होता, खालचा तसाच होता. ती बघत राहिली.

“अंगणवाडीतली पोरं काय म्हणतात माहितेय?” ती म्हणाली. “बाईंच्या गालावर दूध सांडलंय. एक जण रोज पुसून बघतो. निघालं नाही की मला धीर देतो, उद्या निघेल म्हणतो.”

“आणि त्यांच्या आया?”

“आया पहिल्या वर्षी लांब उभ्या राहायच्या. एकीनं पर्यवेक्षिकेला विचारलंसुद्धा, हे लागतं का म्हणून. आता नाही विचारत. मी चौदा वर्षांची असताना आलं हे. आई म्हणायची, उन्हात जाऊ नकोस. मग म्हणायची, लग्नकार्यात पुढं पुढं करू नकोस. नंतर काही म्हणायची राहिली.” ती स्क्रीनकडेच बघून बोलत होती. “तुम्ही एकटेच राहता?”

“हो. आई होती.”

“जेवायचं?”

“करतो काहीतरी.”

ती रजिस्टर घेऊन उठली. जाताना म्हणाली, “उरलेलं अर्धं झालं की कळवू नका. मीच येईन.”

आमच्याकडे बायका असल्या कामाच्या माणसाला सरळ दादा म्हणतात. भाऊ म्हणतात. ती काहीच म्हणाली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून लोखंडी घडीची खुर्ची आणली. “गिऱ्हाइकं येतात ना हल्ली,” असं दुकानदाराला सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्या तीन दिवसांत मी तिचा चेहरा स्क्रीनवर किती वेळ उघडा ठेवला ते सांगायला नको. काम संपलं होतं. उजव्या गालाची कातडी डाव्या गालावर बसली होती, सावली जुळली होती, कानाजवळचे बारीक केससुद्धा मी एक एक करून पुन्हा रेखले होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम. पण सारखं वाटायचं की फोटोतल्या बाईला मी ओळखत नाही. मग मी मूळ फोटो उघडायचो. चट्टा कानाजवळ रुंद होता आणि खाली येताना निमुळता होत हनुवटीच्या आधी थांबायचा. त्याची कड मला डोळे मिटूनही कागदावर रेखता आली असती. तो मला वाईट दिसत नव्हता. खरं सांगायचं तर तो मला दिसायचाच असं नाही, तीच दिसायची.

पण हे कुणाला सांगायची माझी तयारी नव्हती. माझं वय एकेचाळीस, दोन खोल्या, भागीदार म्हणून एक कॉम्प्युटर. आई असताना तीन ठिकाणी बोलणी झाली होती. तिन्ही वेळा समोरच्यांनी “कळवतो” म्हटलं होतं. एकदा कुणी पुन्हा “कळवतो” म्हणालं असतं तर मला ते झेपलं नसतं.

आठव्या दिवशी सकाळी विलासचा फोन आला. “आज पाठवायचाच आहे कुरिअरनं. मी सौद्यात अडकलोय. शैला येईल न्यायला. प्रिंट तयार ठेवा.”

ती अकराच्या सुमारास आली. आज अंगणवाडीची साडी नव्हती, जांभळी होती. नवी खुर्ची बघून ती माझ्याकडे बघून हसली आणि तिच्यावर बसली. मी चहा केला. साखर जास्त पडली होती. तिनं चहा पूर्ण प्यायला.

मग मी दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडले. डावीकडे मूळचा, उजवीकडे माझा.

ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत होती. खाली कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. गाडी सुरू होऊन निघून गेली.

“मी अशी दिसले असते,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“चांगली आहे.” ती कुणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलावं तसं बोलली. “आई असती तर तिला दाखवली असती.” मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, “कुठला पाठवू?”

“विलासरावांनी तर सांगितलंय...”

“त्यानं काय सांगितलं ते मला माहितेय. मी तुम्हाला विचारतेय.”

“मी काय सांगणार? तुमच्या घरचा प्रश्न आहे.”

“माझा चेहरा तुम्ही जेवढा बघितलाय तेवढा कुणी बघितला नाही,” ती म्हणाली. “मी पण नाही. मी आरशात असं उभं राहते.” तिनं मान वळवून दाखवली, उजवा गाल पुढे. “म्हणून विचारते. तुम्हाला कुठला बरोबर वाटतो?”

मी स्क्रीनकडे बघत होतो. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

“धंद्यातलं सांगायचं तर,” मी म्हणालो, “सुधारलेलाच चालतो. लोकांना तसाच हवा असतो.”

“धंद्यातलं नका सांगू.”

मी माऊस हातात धरून बसलो होतो. तो उगाच इकडून तिकडे फिरवत होतो, आणि स्क्रीनवरचा बाण तिच्या दोन्ही चेहऱ्यांवरून ये-जा करत होता. एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते म्हटलं तर पुढे काय, हा विचार त्याच्या आधी पुढे आला. ती हसेल का. उठून जाईल का. विलास येऊन काय म्हणेल. फोटो सुधारणारा बहिणीवर डोळा ठेवून बसला, असं गावात होईल का.

“स्थळ चांगलं आहे,” मी म्हणालो. “पर्मनंट आहे म्हणाले ना ते. सुधारलेला पाठवा.”

ती आणखी थोडा वेळ बसली. मला आजही आठवतं, ती लगेच उठली नाही.

“बरं,” ती म्हणाली.

मी प्रिंट पाकिटात घालून दिली. तिनं ते पिशवीत उभं ठेवलं, मुडपू नये म्हणून. दारात चप्पल घालताना म्हणाली, “चहा चांगला होता. साखर थोडी कमी टाकत जा.” जिना उतरण्याचा तिचा आवाज खालच्या पायरीपर्यंत ऐकू आला.

पुण्याच्या लोकांना फोटो पसंत पडला. दोन आठवड्यांनी ते बघायला आले. काय झालं ते मला विलासनंच सांगितलं. तो एका सकाळी आला आणि दारातच उभा राहिला. भांडायला आलाय असं वाटून मी उठून उभा राहिलो. पण त्याच्यात भांडायचा जोर नव्हता.

“पोहे पुढ्यात होते,” तो म्हणाला. “शैला ट्रे घेऊन आली. मुलाच्या आईनं तिला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं. मग पाकिटातला फोटो काढला. एकदा फोटोकडे, एकदा हिच्याकडे. आणि मला विचारलं, ही फोटोतली कोण, धाकटी बहीण का? तिलाच बोलवा की.”

“पोह्याला हात न लावता गेले. शैला ट्रे घेऊन आत गेली, कपबशा विसळल्या आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गेली.” त्यानं माझ्या स्क्रीनकडे बघितलं, तिथं कुणा दुसऱ्याच लग्नातली नवरी होती. “काम चांगलं केलंत तुम्ही, शिंगटे. फारच चांगलं केलंत.”

मी पंधरा दिवस घालवले. रोज ठरवायचो, तिच्या गावाला जाऊन यायचं, आठ-नऊ किलोमीटर तर आहे. काय बोलायचं तेही ठरवायचो. शेवटी एका मंगळवारी एसटीनं गेलो. अंगणवाडी देवळाच्या मागे होती. ओसरीवर पोरं गोल बसून उसळ खात होती आणि एक अनोळखी, वयस्कर बाई वाढत होती.

“खराडे बाई?” मी विचारलं.

“त्यांनी बदली मागून घेतली की. जतकडे. गेल्या सोमवारी गेल्या.” बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्ही कोण त्यांचे?”

“फोटोचं काम होतं,” मी म्हणालो.

परतीची एसटी दीड तासानं होती. मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. एक लहान मुलगा ओसरीवरून माझ्याकडे बघत होता. बाईंच्या गालावरचं दूध पुसून बघणारा तोच का, हे मला त्याला विचारावंसं वाटलं. पण विचारलं नाही.

माझं काम वाढत गेलं. जतपर्यंतचे, अगदी विजापूरपर्यंतचे फोटोग्राफर मला काम पाठवू लागले. नवा कॉम्प्युटर आला, सीडी जाऊन हार्डडिस्क आल्या. माझा हात आता एवढा बसला होता की चेहरे लक्षातही राहत नसत.

तीन वर्षांनी, मार्चमध्ये, जतच्या सिद्धू हिप्परगीची हार्डडिस्क आली. एका लग्नाचे चारशे फोटो. मी ती जोडली आणि पहिला फोटो उघडला. हळदीचा होता. पाटावर बसलेल्या बाईला दोघी-तिघी हळद लावत होत्या. तिचे दोन्ही गाल पिवळेजर्द होते आणि ती मोठ्यानं हसत होती. मी फोटो मोठा केला नाही. गरज नव्हती. भुवईवरूनच ओळखलं.

पुढच्या फोटोंत हळद धुतलेली होती. अंतरपाटाच्या मागे, होमापुढे, जेवणाच्या पंगतीत घास भरवताना, सगळीकडे ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. मान कुठंच वळवलेली नव्हती. नवरा उंच, पुढचे केस गेलेला, चाळिशीचा असावा. बऱ्याच फोटोंत तो कॅमेऱ्याकडे बघायचं विसरला होता. विलास होता, घामानं डबडबलेला, अक्षता वाटत होता.

नेहमीची चिठ्ठी नव्हती. मी फोन लावणार तोच सिद्धूचाच आला.

“शिंगटे, चिठ्ठी टाकायची राहिली बघा. नेहमीसारखंच करायचं. फक्त एक. नवरीच्या चेहऱ्याला काहीही करायचं नाही.”

“का?”

“नवऱ्यानं सांगितलंय. एसटीत कंडक्टर आहे तो, हिच्या गावावरनं त्याची गाडी जाते. मी आपलं रीतीप्रमाणे विचारलं, वहिनींच्या गालावरचं काढून घेऊ का म्हणून. तर म्हणाला, मला तिचा चेहरा आहे तसा आवडतो, हात लावू नका.”

“आणखी काय म्हणाला?”

“आणखी काय म्हणायचंय? एवढंच.”

“तिच्यासमोर म्हणाला?”

“हो, शेजारीच होत्या की त्या.” सिद्धू हसला. “लाजल्या.”

त्या लग्नाला मी आठ दिवस घेतले. विलासच्या कपाळावरचा घाम पुसला, करवलीचे मिटलेले डोळे उघडले, मांडवाच्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या बादल्या काढून टाकल्या. नवऱ्याच्या टकलावर फ्लॅशची चकाकी आली होती, ती कमी केली. तिच्या चेहऱ्याशी आलो की हात उचलून पुढचा फोटो उघडायचो. शेवटचा फोटो निरोपाचा होता. ती भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि तिचा डावा गाल वर होता, ओला. तोही तसाच ठेवला.

हार्डडिस्क पाकिटात घालून मी वर सिद्धूचा पत्ता लिहिला. दुपारची वेळ होती. कुरिअरवाला यायला अजून अवकाश होता. मी खुर्चीत सरळ बसलो आणि त्या कंडक्टरनं म्हटलेलं वाक्य, समोर ती बसली आहे असं समजून, एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं.

आवाज जरा घोगरा आला. पण म्हणायला अवघड नव्हतं.